सटवाजीच्या डोंग्यातलं सिमेंट

दिवाळी अंकाच्या संपादकांची चिठ्ठी आली: ‘पांचाळकाका, सुतारकामातल्या गोड आठवणी लिहा, गिऱ्हाइकांच्या गमती लिहा.’ गमती काय, ढिगानं आहेत. एक जण माझ्याकडून नेलेला पाळणा आठ दिवसांनी परत घेऊन आला होता. लेकरू रात्रभर रडतं, म्हणजे पाळण्यातच खोट आहे, असं त्याचं म्हणणं. मी त्याला म्हणालो, तू झोप पाळण्यात, मी दोरी ओढतो, बघू कुणाला झोप येत नाही ते. असं पानंच्या पानं लिहिता येईल. पण आयुष्यभराच्या कामाकडं मागं वळून बघ म्हटलं की मला एकच काम दिसतं आणि माझं डोकं फिरतं. तेव्हा गोड काही मिळायचं नाही. ज्याला चकलीबरोबर वाचायचं असेल त्यानं पान उलटावं.

आमचं गाव मन्याड नदीच्या काठी. अहमदपूरचा बाजार आमचा. नदीच्या अलीकडं आम्ही, पलीकडं नांदेड जिल्हा. आम्ही आधी उस्मानाबादेत होतो, मग लातूर जिल्हा नवा झाला आणि आम्ही लातूरचे झालो. गावात पेढे वाटले. मीही खाल्ला. कचेरी जवळ आली की कामं होतात, असं सगळ्यांना वाटलं. कचेरी जवळ आली की साहेबही जवळ येतो, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

मी सुतार. बैलगाड्या, तिफणी, चौकटी, बाजा हे माझं रोजचं काम. त्यातच डोंग्याचंही काम यायचं. आमच्याकडं होडीला डोंगा म्हणतात, मग तो बुडखा कोरून केलेला असो की फळ्या जोडून. गावात डोंगा एकच, सटवाजी भोयाचा. त्याच्या आजापासून नदी पार करून द्यायचं काम त्यांच्याच घरात. दस्तूर असा की दोन्ही काठांच्या गावांनी सुगीला सटवाजीला धान्य द्यायचं आणि त्यानं वर्षभर माणसं न्यायची-आणायची. डोंगा दुरुस्त करायचा तो माझ्या बापानं, त्याच्यामागं मी. डोंगा माझ्या अंगणात आला की माझी बायको गिरजा त्याला आधी हळदीकुंकू लावायची, मगच मी हत्याराला हात लावायचा. सटवाजी मला दादा म्हणायचा, त्याची बायको काशीबाईही दादाच म्हणायची. माझ्यापेक्षा पाच-सात वर्षांनी लहान, काळाभोर, हसरा माणूस. कुणाला नाही म्हणणं त्याला जमायचं नाही.

मग दुष्काळ पडला. लागोपाठ दोन वर्षं मन्याडीला पाणी नाही. पात्रात वाळू नुसती रखरखायची. सटवाजीनं डोंगा काठाशी जांभळाखाली पालथा घातला, वरून कडबा टाकला. डबकं होतं तोवर रोज दोन घागरी त्यावर ओतायचा. डबकं आटलं, तेही बंद झालं.

नव्या जिल्ह्यात कचेऱ्या बांधायच्या होत्या आणि त्यांना वाळू लागत होती. कोरड्या नदीत ट्रॅक्टर उतरले. एका दिवशी एक ट्रॅक्टर मागं घेताना थेट डोंग्यावर चढला. एका अंगाच्या तीन फळ्या फुटल्या, फळ्यांना आतून धरणाऱ्या दोन बरगड्या मोडल्या. ड्रायव्हर म्हणाला, ‘‘मला वाटलं कडब्याचा ढीग हाय.’’ आणि वाळू भरून निघून गेला. कुणी त्याचं नावसुद्धा विचारलं नाही. मी तिथं असतो तर विचारलं असतं, आणि नुसतं विचारून सोडलं नसतं.

त्याच महिन्यात नव्या जिल्ह्यातून हुकूम आला. यापुढं घाट चालवायचा, म्हणजे माणसं नदीपार न्यायची, तर परवाना पाहिजे. पावसाळ्याआधी ओव्हरसियर येऊन डोंग्याचा मुआयना करणार, डोंगा पास झाला तर परवाना, नाही तर घाट दुसऱ्याला. सटवाजी माझ्या ओट्यावर येऊन बसला. म्हणाला, ‘‘दादा, आज्याच्या काळापासून आम्ही हेच करून राहिलो. आता कागद नसंल तर आम्ही कोण? मला दुसरं काय येतंय?’’

मी म्हणालो, ‘‘डोंगा आण घरी. पास कसा होत न्हाई, बघतो.’’

बैलगाडीवर घालून डोंगा माझ्या अंगणात आला. फुटलेल्या फळ्या काढल्या, अहमदपूरच्या वखारीतून सागवान आणलं, बाभळीच्या दोन बरगड्या वाकसानं तासून बसवल्या. काम असं झालं होतं की हात फिरवला तर जुनं कुठं संपतं आणि नवं कुठं लागतं ते कळायचं नाही. हे मी फुशारकीनं लिहितो आहे. त्या कामात मला फुशारकी मारता येईल अशी तेवढीच एक जागा आहे.

आता बाहेरच्या माणसाला एक गोष्ट समजावून सांगायला पाहिजे. लाकूड वाळलं की आखडतं, भिजलं की फुगतं. शेतकऱ्याला हे माहीत असतं. उन्हाळ्यात गाडीचं चाक ढिलं झालं की तो ते डोहात टाकून ठेवतो आणि चाक आपसूक घट्ट होतं. डोंग्याचंही तेच. दोन वर्षं कोरड्यात पडलेल्या डोंग्याच्या फळ्यांमध्ये बोट जाईल एवढ्या फटी पडल्या होत्या. त्या तशाच कोरड्या बुजवायच्या नसतात. आधी डोंग्याला आठ-दहा दिवस पाणी पाजायचं. फळ्या फुगतात, फटी आपोआप मिटतात. उरतील त्या बारक्या फटींत घायपाताचा वाख, म्हणजे त्या झाडाचे धागे, राळ आणि करडीच्या तेलात भिजवून ठासायचे. वाख मऊ असतो, लाकूड आणखी फुगलं तरी दबतो. कोरड्या फटीत कडक काही भरलं, तर फुगलेली फळी जाणार कुठं? ती खिळे उपटते, नाही तर बरगडी मोडते. माझ्या बापानं मला हे पहिल्या दिवशी शिकवलं होतं.

पण पाणी आणायचं कुठून? गावात एक दिवसाआड टँकर यायचा. बाया भांडी घेऊन भांडायच्या. तिथं डोंग्याला पाणी मागायची कुणाची छाती?

तोड गिरजानं काढली. ती म्हणाली, ‘‘आवं, माणसं आंघोळी तर करतातच ना? डोंग्यात बसून करा म्हणावं.’’

मी तिच्याकडं बघतच राहिलो. मग हसलो, आणि गल्लीत सांगून आलो. दुसऱ्या दिवसापासून आमच्या अंगणात जत्रा भरायला लागली. डोंग्याच्या बुडाला काळी माती लिंपली, बाहेरून गोणपाटं गुंडाळली. ज्याला त्याला मिळतील ते दोन तांबे पाणी घेऊन माणसं यायची, डोंग्यात बसायची, अंग धुवायची आणि जायची. बाया भांडी घासलेलं, कपडे पिळलेलं पाणी आणून गोणपाटांवर ओतायच्या. गल्लीतले किराणा दुकानदार शिवअप्पा, लिंगायत, सोवळ्याचे कडक, तेही पंचा नेसून डोंग्यात बसायला लागले. म्हणायचे, ‘‘आंघोळ करायचीच हाय, मग मोरीत केली काय आन् डोंग्यात केली काय.’’ सटवाजी एकेकाच्या पाठीवर पाणी घालायचा. ‘‘चला, पलीकडं सोडतो,’’ म्हणून चेष्टा करायचा. पाच दिवसांत फटी निम्म्या मिटल्या. दुष्काळात गाव एवढं हसलेलं मी दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

सहाव्या दिवशी सकाळी ओव्हरसियर आला. तारीख सांगितली होती त्याच्या आठवडाभर आधीच. त्याच्या साहेबाला पुढं कुठं तरी जायचं होतं म्हणे. फाटकातून आत आला तेव्हा शिवअप्पा डोंग्यात डोक्यावरून तांब्या ओतत होते.

‘‘हे काय चाललंय?’’ तो म्हणाला. ‘‘लोकांना प्यायला पाणी नाही आणि तुम्ही होडी धुताय?’’

मी सांगितलं, ‘‘सायेब, धूत न्हाई. लाकूड भिजवून राहिलो. आन् हे आंघोळीचं पाणी हाय, वाया न्हाई जात.’’

‘‘मला शिकवू नका. टँकरचं पाणी होडीला घातलं असं मी वर कळवलं तर उद्यापासून टँकर बंद. चालेल?’’

अंगणात पंधरा माणसं होती.  शिवअप्पा ओल्या पंचानं उठले आणि घरी गेले. ओव्हरसियरनं गोणपाटं काढायला लावली, माती खरवडायला लावली. मग डोंगा आडवा करून तो पलीकडच्या बाजूला वाकला आणि फटींतून सूर्याकडं बघायला लागला.

‘‘उजेड दिसतोय. इतक्या फटी? ही होडी पास कशी करू मी? परवा साहेब येणार आहेत. एक फट दिसता कामा नये. बांधकामावरचं सिमेंट पाठवतो, फटी बुजवा आणि वरून रंग मारा.’’

मी त्याला परत सगळं सांगितलं. चाकाचं सांगितलं, वाखाचं सांगितलं, फळी खिळे कशी उपटते ते हातानं करून दाखवलं. चार दिवस द्या म्हणालो. चाळीस वर्षांचा सुतार पंचवीस वर्षांच्या पोरासमोर हात जोडून उभा होता. त्यानं घड्याळात बघितलं.

‘‘पांचाळ, होडी पाण्यात घालून बघायला इथं पाणी आहे का? नाही. मग मी उजेडच बघणार.’’

पाण्यात चालायची वस्तू उजेडात धरून तपासणारा माणूस मी आयुष्यात एकच बघितला. आणि त्याच्या हातात सटवाजीचं पोट होतं, गावाचं पाणी होतं.

सिमेंटचं पोतं दुपारी आलं. मी सटवाजीला म्हणालो, ‘‘मी हे करणार न्हाई.’’  काशीबाई दारात उभी होती. ती म्हणाली, ‘‘दादा, घाट गेला तर लेकरं घेऊन कुठं जायचं?’’ मी सिमेंट कालवलं आणि भरायला बसलो. माझ्या हातानं. पट्टीनं दाबून दाबून भरलं, कारण वाईट काम करायचं तरी वाईट रीतीनं करता येत नाही. ही आमच्या जातीची खोड आहे. दुसऱ्या दिवशी निळा रंग मारला. तिसऱ्या दिवशी साहेब आला, त्यानंही वाकून उजेड बघितला, दिसला नाही, डोंगा पास झाला. बाजूवर पांढऱ्या रंगात नंबर टाकला, त्याखाली ‘जि. लातूर’. सटवाजीनं परवाना प्लास्टिकच्या पिशवीत घालून छातीशी धरला.

आठ दिवस जाऊ दिले आणि मी त्याला म्हणालो, ‘‘आता आण डोंगा. सिमेंट खरवडून काढतो, रीतीनं भिजवून वाख भरतो. वरून तोच रंग मारू, कुणाला कळणार न्हाई.’’

सटवाजी मान खाली घालून म्हणाला, ‘‘दादा, सायबानं सांगितलंय, डोंग्याला हात लावला तर परवाना रद्द. मधून मधून बघायला येणार हाय म्हणं. राहू द्या आता. तुम्ही भरलंय म्हणल्यावर काय होतंय?’’

‘‘मी भरलंय म्हणूनच सांगून राहिलो.’’

‘‘न्हाई दादा. भ्या वाटतंय.’’

माझं डोकं सणकलं. साहेबावर काढता आला नव्हता तो राग मी त्याच्यावर काढला. म्हणालो, ‘‘मग त्या कागदावर बसून जा पलीकडं. माझ्या दारात पाय ठेवू नको.’’ तो म्हणाला, ‘‘रागानं बोलू नका, दादा,’’ आणि गेला.

त्याचं घर माझ्या घरापासून विडी संपायच्या आत येतं. मी गेलो नाही. तो येईल, माझी गरज त्याला आहे, असं म्हणत बसलो. गिरजानं दोनदा सांगितलं, ‘‘तुम्ही मोठे हाव, तुम्ही जा.’’ तिच्यावरही खेकसलो. आषाढ गेला, श्रावण गेला.

भाद्रपदात वरच्या अंगाला पाऊस झाला आणि मन्याडीला पाणी आलं. दोन वर्षांनी डोंगा नदीत उतरला. मी काठावर होतो, पण लांब. पहिल्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. थेंबभर पाणी आत नाही. तिसऱ्या दिवशी सटवाजीनं मला बघितलं आणि डोंग्यातून हाक मारली, ‘‘दादा, बघा, थेंब न्हाई.’’ चिडवून नाही, खुशीनं. मी तोंड फिरवलं आणि घरी आलो. मलाच वाटायला लागलं की माझा बाप चुकला असेल, मी चुकलो असेन, ओव्हरसियरच खरा असेल.

लाकूड सावकाश पितं. एवढं साधं मी रागात विसरलो होतो.

सातव्या दिवशी बाजार होता. अहमदपूरचा बाजार करून पलीकडची आठ माणसं परत चालली होती. डोंगा मध्यावर गेला आणि काड् असा आवाज झाला, तो काठावरच्या माणसांनीही ऐकला. मी नव्यानं बसवलेल्या फळ्या नव्हे, त्यांच्याशेजारची जुनी फळी बरगडीसकट बाहेर आली. डोंगा भरायला लागला. सटवाजीनं वल्ही, बांबू, जे हाताला लागलं ते माणसांच्या हातात दिलं. पोहता न येणारी चार होती. तीन त्यानं एकेक करून पलीकडच्या काठाला लावली. चौथी एक म्हातारी होती, तिला त्यानं उथळ पाण्यापर्यंत ढकललं, तिथून लोकांनी ओढून घेतलं. त्याला कुणी ओढलं नाही. तो दमला असेल हे कुणाच्या मनातच आलं नाही, कारण तो भोई होता. दुसऱ्या दिवशी खाली दोन कोसांवर बाभळीत अडकलेला सापडला. परवान्याची पिशवी गळ्यात होती.

आठही माणसं वाचली.

मोडका डोंगा काठाला आणला तेव्हा मी गेलो. सिमेंटला तडासुद्धा गेला नव्हता. मी भरलं होतं ते जसंच्या तसं होतं.

तिसऱ्या दिवशी ओव्हरसियर माझ्या घरी आला. या वेळी आवाज खाली होता. स्वतःहून पाणी मागितलं, बाजेवर बसला. म्हणाला, ‘‘पांचाळ, जे झालं ते वाईट झालं. पण विचार करा. होडी फुटली असं लिहिलं, तर दुरुस्ती तुमची, तपासणी माझी. दोघंही अडकणार. माणसं जास्त भरली होती असं लिहिलं, तर कुणीच अडकत नाही. गेलेल्या माणसाला आता कशाचं काय?’’

मी विचारलं, ‘‘आन् जी बसली होती त्यांना कुणी विचारलं तर?’’

‘‘ती नांदेड जिल्ह्यातली. त्यांचे जबाब घ्यायला इथून कोण जातंय? आणि काठावरच्यांनी काय माणसं मोजली होती?’’

त्यानं कागद पुढं केला. लिहून आणला होता. डोंग्याची क्षमता पंधरा, बसलेली माणसं तेवीस, नावाड्याचा निष्काळजीपणा. खाली ‘दुरुस्ती करणारा कारागीर’ म्हणून जागा सोडली होती. गिरजा चुलीपाशी होती. ती उठून बाहेर आली आणि माझ्याकडं बघत उभी राहिली. 

मी सही केली.

त्यानं मला मारलं नाही, धमकी दिली नाही, काही देऊ केलं नाही. मी घाबरलो होतो, एवढंच. आयुष्यभर ज्याच्या त्याच्या अंगावर धावून जाणारा मी, ज्या दिवशी रागवायला पाहिजे होतं त्या दिवशी मला राग आलाच नाही. तो नंतर आला. आजतागायत गेला नाही.

निष्काळजी नावाड्याच्या घरात घाट ठेवता येत नाही, म्हणून घाट दुसऱ्याला गेला. सटवाजीची पोरं ऊस तोडायला गेली. पुढं पूल झाला आणि घाटच राहिला नाही. आजही गावात जुनी माणसं सांगतात, सटवाजी भला माणूस, पण लोभानं माणसं जास्त भरली आणि बुडाला. नवी पोरं तेच ऐकतात. ज्या माणसानं कधी लोभ केला नाही त्याच्या माथी मी लोभ लिहिला.

म्हणून हे लिहितो आहे, छापायचं असेल तर शब्द न बदलता छापा. डोंग्यात सटवाजी धरून नऊ माणसं होती. पंधराचा डोंगा होता. डोंगा फुटला तो कोरड्या फटीत भरलेल्या सिमेंटमुळं, आणि ते मी भरलं होतं, काय होणार हे माहीत असताना.

काशीबाई दर भाऊबिजेला येते आणि मला ओवाळते. सटवाजी गेला त्या वर्षी ओवाळताना म्हणाली होती, ‘‘दादा, ते मोजून बसवायचे. जास्त भरली नसतील.’’ मी ‘हाव’ म्हणालो, पुढं काही नाही. मग बरीच वर्षं ती त्यावर बोलली नाही. गेल्या भाऊबिजेला ताट खाली ठेवता ठेवता आपणहून म्हणाली, ‘‘भरली असतील, दादा. त्यांना कुणाला न्हाई म्हणता येत नव्हतं.’’

तिला वाचता येत नाही. या वर्षी ती आली की पाटावर बसायच्या आधी मी तिला हे सगळं वाचून दाखवणार आहे. मग ओवाळायचं की ताट उचलून परत जायचं, ते तिचं तिनं ठरवावं.